कौले उतरवलेले शहर

कौलारू घराचे छप्पर वर्षातून एकदाच उघडे पडते, तेही वैशाखात. पाऊस तोंडावर आला की शाकारणीला गडी लावायचे, नळीची कौले एकेक करून उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वाशांच्या बेचक्यांत साठलेली धूळ आणि उंदरांनी गोळा केलेल्या चिंध्या झटकायच्या आणि मृग लागण्याआधी सगळे पुन्हा जागच्या जागी बसवायचे. १८९७ साली मुंबईत हा क्रम मोडला. त्या वर्षी ऐन थंडीतच कौले उतरू लागली, आणि ती उतरवणारे गडी घरमालकाने बोलावलेले नव्हते. म्युनिसिपालिटीच्या टोळ्या शिड्या, पहारी, चुन्याच्या बादल्या आणि औषधी पाण्याचे पंप घेऊन चाळीत शिरत. एक टोळी छपरावर चढे, दुसरी खोलीतले कुड पाडी, तिसरी भुई खणे. ज्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या भरदुपारी दिवा लावावा लागत होता, तिच्या जमिनीवर पहिल्यांदाच ऊन पडत होते. आणि खोलीतली माणसे भांडीकुंडी, गाठोडी घेऊन रस्त्यावर उभी होती.

या सगळ्याची सुरुवात सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत झाली. बंदराला लागून असलेला हा भाग धान्याच्या वखारींचा. गोण्यांच्या थप्प्या तळमजल्यावर, त्यांवर माणसांची दाटी, आणि दोहोंच्या मधल्या फटींतून उंदरांचे राज्य. वखारींत उंदीर मरून पडू लागल्याचे तिथल्या लोकांनी पाहिले होते. त्यानंतर माणसे तापाने फणफणू लागली. त्यांच्या जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि चार-पाच दिवसांत ती दगावत. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगश त्या भागात रुग्ण पाहत असत. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असे त्यांनी २३ सप्टेंबरला जाहीर केले. ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासदही होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे दवाखान्याच्या चार भिंतींत राहिले नाही. बंदराचा व्यापार अडचणीत येणार हे दिसत असतानाही त्यांनी ते उच्चारले, याचे मोल मोठे आहे.

रोगाचा जंतू ठाऊक होता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत येर्सिन आणि कितासातो यांनी तो शोधला होता. पण तो एका माणसातून दुसऱ्या माणसात कसा जातो, हे कोणालाच सांगता येत नव्हते. जिथे ज्ञान संपते तिथे जुनी समजूत पुढे येते, आणि त्या काळच्या आरोग्यखात्याची समजूत अशी की रोग मुरतो तो जागेत. ओलसर भुई, कोंदट हवा, अंधार, तुंबलेली मोरी आणि दोन इमारतींमधली घाणीने भरलेली घरगल्ली ही रोगाची माहेरघरे. म्हणून माणसाइतकेच, किंबहुना त्याच्याहून अधिक, घराला रोगी मानले गेले.

म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो आणि आरोग्य अधिकारी डॉ. वीअर यांनी जी मोहीम उघडली ती प्रचंड होती. समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक ॲसिड गटारांतून रोज लोटले जाऊ लागले. पंपांनी भिंती, माळे, जिने धुतले जाऊ लागले. पाऱ्याचा जहरी क्षार मिसळलेले पाणी खोल्यांतून फवारले जाई आणि त्यावर चुन्याचे हात दिले जात. धान्य आणि अंथरुणे जाळली गेली. भुई सतत ओली राहते म्हणून काही इमारतींचे नळ तोडले गेले. आजारी माणूस ज्या घरात आहे तिथला नळ तोडणे म्हणजे काय, हे घागर घेऊन जिने चढणाऱ्या बाईलाच कळले असेल.

दारांवर आणि भिंतींवर लाल वर्तुळे उमटू लागली. घरात प्लेगने एक बळी गेला की एक वर्तुळ. त्या काळची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. एका दाराभोवती वर्तुळांची रांगच लागलेली आहे आणि दार बंद आहे. काही इमारतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवलेली असत. घर मनुष्यवस्तीस अयोग्य आहे, असा त्यांचा अर्थ. इंग्रजी न वाचता येणाऱ्यांनाही त्या अक्षरांचा अर्थ लवकरच समजला.

घरातल्या माणसांची काळजी मात्र निराळीच होती. अंगाला कणकण आली की हात आपोआप जांघेकडे, काखेकडे, मानेकडे जाई. गाठ लागते का? पोराला ताप आला की आईने तो आधी शेजारणीपासून लपवायचा, कारण बातमी फुटली तर पोर आर्थर रोडच्या इस्पितळात जाईल आणि घर टोळीच्या हाती लागेल. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी सार्वत्रिक भावना होती. रोग जडलेल्यांत मरणाऱ्यांचे प्रमाणच इतके मोठे होते की त्या भावनेला खोटे म्हणता येणार नाही. त्यात जातीबाहेरचे अन्न-पाणी आणि परक्या हातांचा स्पर्श यांची धास्ती होती. ६ ऑक्टोबर १८९६ च्या जाहीरनाम्याने रुग्णांना सक्तीने हलवण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीने वापरायला काढला, आणि २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

 

दंग्याने म्युनिसिपालिटी नरमली. त्यामागे आणखी एक कारण होते आणि ते स्नो यांनी आपल्या अहवालात उघडपणे नोंदवले आहे. शहराचा मैला वाहणारे हलालखोर आणि कचरा उचलणारे बिगारी घाबरून निघून गेले असते, तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती. आधीच शहर रिकामे होत होते. १८९१ च्या जनगणनेत आठ लाख वीस हजारांच्या घरात असलेल्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी माणसे निघून गेली. कोकणाकडे जाणाऱ्या आगबोटी, घाटावर आणि गुजरातेत जाणाऱ्या गाड्या भरून वाहत होत्या. सावकार, दलाल, कारकून, गिरणगावातले कामगार सगळे गेले. हलालखोरांतलेही काही गेले असतील, पण बहुतेक टिकून राहिले. मोऱ्या आणि घरगल्ल्या उपसणाऱ्या, लाल वर्तुळाच्या दारांतून रोज आत जाणाऱ्या त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. शहर जगले ते त्यांच्या जिवावर, आणि प्लेगच्या इतिहासात त्यांना पानभरही जागा मिळू नये हे मनाला लागते.

मार्च १८९७ मध्ये सरकारने मुंबईचे काम ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिटीकडे दिले आणि मोहिमेला लष्करी शिस्त आली. जातीजमातींना स्वतःची प्लेग रुग्णालये काढू देण्याचे धोरण याच सुमारास रुळले. पारशी, खोजे, भाटिये, मराठे अशी निरनिराळी रुग्णालये शहरात उभी राहिली आणि आजारी माणूस घराबाहेर काढण्याची भीती थोडी उणावली. तरी ती संपली नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून मोठी दंगल उसळली. तिच्या घरचे तिला दाराबाहेर जाऊ देत नव्हते, एवढीच सुरुवात होती.

पुण्यात हीच मोहीम आणखी कडक रूपात आली. विशेष प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीसाठी गोरे शिपाई बोलावले आणि १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात पेठापेठांतून झडत्या चालल्या. पुढची कथा, २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र, रँड यांच्यावर गोळ्या झाडणारे चाफेकर बंधू, टिळकांची शिक्षा, मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे. पण तिच्या झगमगाटात वाड्याच्या आत काय घडले ते थोडे अंधारात राहते. पुण्याच्या वाड्याला उंबरठ्यांची चढण असते. ओटीपर्यंत परका माणूस येऊ शकतो, माजघरात आप्तच, आणि स्वयंपाकघर व देवघर तर सोवळ्याचे. ही सगळी चढण बूट घातलेल्या पायांनी काही क्षणांत ओलांडली. रुग्ण दडवला आहे का म्हणून कोठीची खोली, माळा, बळद सगळे उघडले गेले. झडतीमागून सफाईची टोळी येई. भुई उकरली जाई, सामान चौकात काढले जाई, संशयाचे कपडे आणि अंथरुणे जाळली जात आणि भिंतींवर चुना चढे. सारवून सारवून दगडासारखी झालेली भुई पुन्हा चोपून बसवायला किती दिवस लागतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या रागाची जात समजेल.

त्याच मार्च महिन्यात पुण्याबाहेर दुसरे एक दार उघडे होते. डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना घातला होता आणि सावित्रीबाई तिथे राबत होत्या. रुग्णांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या, झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी. टिळकांनीही पुणे सोडले नाही. त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यासाठी खटपट केली.

साथ एका हंगामात गेली नाही. दर हिवाळ्याला ती परत येई, आणि लोकांनी आपला एक उपाय शोधला. घरात उंदीर पडला की घर सोडायचे. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द पुरेसे असत. गावेच्या गावे गावठाण सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहू लागली. तट्ट्यांचे कुड, पाचटाचे किंवा गवताचे छप्पर, दारात चूल, अशी दोन-तीन महिन्यांची वस्ती. धान्याच्या कणग्या आणि बंद घर मागे राही. उन्हे तापली, रोग ओसरला की माणसे परतत, भुई सारवत, शाकारणी करत आणि पेरणीला लागत. आजाराचे आणि घरदुरुस्तीचे असे एकच वार्षिक चक्र बनून गेले. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांचा आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला तोही पुण्यातल्या प्लेगमुळेच. तिथली सुरुवातही एका झोपडीने झाली.

लोकांना हे कोणी शिकवले नव्हते. उंदराचा आणि माणसाचा संबंध त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मधला दुवा कोणता, हे मात्र त्यांना दिसले नव्हते. तो दिसण्याएवढा मोठाही नव्हता.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों साथीच्या काळात मुंबईत होते आणि १८९८ मध्ये कराचीत होते. नुकत्याच मेलेल्या उंदराला निष्काळजीपणे हात लावणारी माणसे आजारी पडतात, पण उंदीर थंड होऊन बराच वेळ झाला असेल तर पडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. उंदीर मेला, अंग गार पडले की त्याच्यावरच्या पिसवा उबेसाठी दुसरे अंग शोधतात. २ जून १८९८ रोजी त्यांनी प्रयोगाने हे दाखवले की आजारी उंदराकडून निरोगी उंदराकडे रोग पिसवांमार्फत जातो. शास्त्रज्ञांनी ते मनावर घेतले नाही. पुढची काही वर्षे चुना, कार्बॉलिक आणि खणाखणी चालूच राहिली.

परळचा जुना गव्हर्नर बंगला १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला मिळाला. त्याआधी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि ओसरीवर, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी प्लेगची लस तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती. १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगाचे काम याच परळच्या आवारात सुरू झाले. विल्यम ग्लेन लिस्टन त्यात होते. चाळीतल्या ज्या खोल्यांत प्लेग झाला तिथे गिनीपिग मोकळे सोडायचे आणि नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजायच्या, ही पद्धत त्यांनी रुळवली होती. माणसाची घरे तपासायची, पण माणसाला न छळता.

आयोगाने मुंबईभर उंदीर गोळा केले, आणि त्यातून घराचा एक नकाशाच हाती आला. गटारांत आणि मोऱ्यांत राहणारा मोठा तपकिरी उंदीर आधी मरतो. साधारण दहा दिवसांनी घरात, छपरात राहणारा काळा उंदीर मरू लागतो. आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणूस. गटारापासून छपरापर्यंत आणि छपरावरून अंथरुणापर्यंत रोगाची ही वाट. हा नकाशा डोळ्यांपुढे ठेवला की १८९७ च्या मोहिमेचे दुर्दैव कळते. गटारांतून समुद्र लोटला, तेव्हा उंदीर गटार सोडून घरात चढले. धान्य हलवले, कुड पाडले, कौले उतरवली, तेव्हा ते शेजारच्या घरात गेले. पाऱ्याच्या पाण्याने जंतू मरत होते, पण पिसवा बऱ्याचदा त्यातूनही वाचत. त्यांच्यावर घासलेटाचे मिश्रण अधिक लागू पडे. टोळ्यांची मेहनत खरी होती, कित्येक कामगारांनी आणि डॉक्टरांनी जीव धोक्यात घातला होता. त्यांचा शत्रू मात्र भिंतीत नव्हताच.

तोवर शहराची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली होती. १८९८ च्या कायद्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्याची गचडी मोडणे, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढून समुद्रावरचा वारा आत घेणे, आग्रीपाड्याला चाळी बांधणे आणि पुढे दादर-माटुंग्याची आखणी करणे ही कामे त्याने केली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर उजेडाचा कोनच ठरवून टाकला, साडेत्रेसष्ट अंश. खोलीसमोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये सोडलीच पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ. दादरच्या हिंदू कॉलनीतून चालताना दोन इमारतींमध्ये आभाळ दिसते, त्यामागे अशा विचारांची पिढी आहे. पण पाडलेल्या खोल्यांतले गरीब बहुतेक वेळा शेजारच्याच गर्दीत जाऊन कोंबले गेले, आणि तिथली गर्दी वाढली. ट्रस्टला हवा आणि उजेड दिसला, भाडे भरू न शकणारे बिऱ्हाड पुरेसे दिसले नाही.

घराविषयीचा खरा प्रश्न परळच्या आवारातच विचारला गेला. आयोगाने तिथे सहा लहान खोल्या बांधल्या. भिंती, भुई, मापे, सगळे सारखे. फरक फक्त छपराचा. पहिल्या दोन खोल्यांवर मुंबईच्या चाळींवर असतात तशी गावठी, नळीची कौले घातली, ज्यांच्या पोकळीत उंदीर निवांत संसार करतात. दुसऱ्या दोनांवर मंगलोरी कौले, चपटी आणि एकमेकांत घट्ट बसणारी, ज्यांत उंदरांना जागा फार कमी. तिसऱ्या जोडीवर पन्हाळी पत्रे, जिथे उंदीर राहूच शकत नाहीत. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी ताणली. उंदीर किंवा त्याची लेंडी खाली पडू नये, पण पिसू पडू शकेल, एवढी तिची वीण. मग छपरांत उंदरांची वस्ती होऊ दिली आणि खाली जमिनीवर निरोगी आणि प्लेग दिलेले गिनीपिग एकत्र सोडले.

नळीच्या कौलांखाली पिसवा भरपूर झाल्या आणि निरोगी गिनीपिग भराभर आजारी पडून मेले. मंगलोरी कौलांखाली पिसवा कमी, आजार सावकाश. पत्र्याखाली, जोवर पिसवांचा शिरकाव झाला नाही तोवर, आजारी जनावरांच्या अंगाला अंग लावून राहिलेले निरोगी गिनीपिग निरोगीच राहिले. मग आयोगाने निरोगी गिनीपिगचा एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला आणि दुसरा दोन फुटांवर. दोन इंचांवरच्याला लागण झाली. दोन फुटांवरच्याला झाली नाही, कारण पिसू तेवढी उंच उडत नाही.

भुईवर अंथरूण पसरून, नळीच्या कौलांखाली झोपणाऱ्या मुंबईला आपल्या घरातले नेमके काय मारत होते, ते असे दहा वर्षांनी त्या सहा खोल्यांत दिसले. त्या हंगामातही चाळींची कौले वैशाखात उतरली, झटकली गेली आणि मृगाच्या आधी परत चढली.